राखीव बाटली

बऱ्याच वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता मी एक बाटली ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली, झाकणाचे स्क्रू आवळले, स्टोव्ह पेटवला आणि वीस मिनिटं थांबले. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रयोगशाळेतला प्रेशर कुकर. त्यात गेलेलं काही जिवंत बाहेर येत नाही. बाटलीवर 'राखीव' असं लिहिलं होतं. अक्षर गजभियेंचं होतं.

गजभिये गेल्या महिन्यात वारले. आमच्या विभागात शोकसभा झाली. त्या काळचे आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणत असू, निवृत्त झाले असले तरी मुद्दाम आले होते. खादीचा झब्बा, हातात पांढरा रुमाल. ते म्हणाले, "तुळशीराम गजभिये हा आमचा निष्ठावान सेवक होता. त्याच्या हातून एकदा एक मोठी चूक झाली. पण आम्ही ती पोटात घातली."

लोकांनी माना डोलावल्या. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग चहा आला आणि मी तो प्यायले. त्या चहाची चव अजून जिभेवरून जात नाही. दुसरा कुठला शब्द सापडत नाही म्हणून लिहिते, मला किळस आली. सरांची आली, आणि कप हातात धरून उभ्या असलेल्या माझीही. म्हणून हे लिहिते आहे.

गजभिये आमच्या विभागात प्रयोगशाळा परिचर होते. पगारपत्रकावर चौथी श्रेणी. उत्तर नागपुरात इंदोऱ्याला राहत आणि सायकलने येत. मी संशोधन करायला विभागात आले तेव्हा ते चाळिशीत असतील. अंगाने वाळके, केस तेल लावून मागे वळवलेले, आणि बोटांची टोकं पिवळट तपकिरी. काचेची भांडी ज्या आम्लात बुडवून ठेवावी लागतात त्या आम्लाने त्यांच्या बोटांची सालं निघत. हातमोजे होते, पण ते सरांच्या कपाटात कुलपात असत. पाहुणे आले की निघत.

आमचं काम होतं जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवायचं. प्राण्याच्या कातडीचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी मोकळ्या करायच्या, आणि क्षार, साखर, रक्तातलं पिवळं पाणी अशा द्रवात काचेच्या चपट्या बाटलीत ठेवायच्या. त्या काचेला चिकटतात, पसरतात, एकीच्या दोन होतात. सांगायला सोपं आहे. पण हवेतली एक बुरशी आत गेली की सगळं संपतं. भांड्याला साबणाचा अंश राहिला तरी संपतं. आमच्या आधी दोन संशोधकांनी वर्ष वर्ष घालवून हात टेकले होते. गजभियेंकडे काम आलं आणि पेशी जगायला लागल्या. त्याचं कारण सरांनी आपल्या लेखात द्रवाच्या घटकांत शोधलं. खरं कारण भांडी घासण्यात होतं.

ते प्रत्येक बाटली नळाखाली सात वेळा आणि ऊर्ध्वपातित पाण्याने तीन वेळा विसळत. मग उन्हात धरून बघत. स्वच्छ काचेवरून पाणी चादरीसारखं सरकतं. मळ असला तर थेंब थेंब उभे राहतात. थेंब दिसला की ते म्हणत, "पाहा बाई, काचेले घाम आला. म्हंजे मनात काहीतरी आहे तिच्या." आणि बाटली पुन्हा आम्लात जाई.

विभागात चहाचे सात कप होते. आठवा, कान तुटलेला, खिडकीत वेगळा ठेवलेला असे. तो गजभियेंचा. तो वेगळा का, हे मी पहिल्या आठवड्यात विचारलं नाही आणि नंतर विचारायची गरज राहिली नाही. एक दिवस पाहिलं तर गजभिये चहा बीकरमधून पीत होते. मी म्हटलं, "अहो, बीकरमधून?"

"मंग काय झालं? हा बीकर म्या दहा वेळा धुतला आहे," ते म्हणाले. "तुमचा कप कोनं धुतला, सांगा बरं?"

त्या दिवसापासून मीही बीकर घेतला. सरांनी ते पाहिलं आणि हसून म्हणाले, "वा, शास्त्रज्ञाला शोभेल असं." गजभियेंकडे त्यांनी पाहिलंही नाही.

रक्तातलं ते पिवळं पाणी आणायचं कामही गजभियेंचं. सकाळी ते थर्मास घेऊन कत्तलखान्यात जात, ताजं रक्त आणत, ते गोठू देऊन वरचा द्रव काढत. त्या सकाळी विभागात त्यांच्या अंगाचा वास येई. सर रुमाल नाकाला लावून म्हणत, "गजभिये, जरा लांबूनच." त्याच द्रवावर लिहिलेल्या लेखांनी सरांचं नाव झालं होतं.

नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला नाही त्यांना पुढची गोष्ट खोटी वाटेल. पेशींना आपल्या अंगाइतकी ऊब लागते. त्यासाठी ऊब देणारं विजेचं कपाट असतं. जगभर प्रश्न पडतो तो पेशी गरम कशा ठेवायच्या याचा. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच पंचेचाळीसला जाई आणि ते कपाट गार करायला काही इलाज नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात सगळ्या बाटल्या मेल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात गजभियेंनी घरून मातीचा रांजण आणला, तळघरात वाळूत अर्धा पुरला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, आत थर्मामीटर सोडला. तीन दिवस दर तासाला आकडा पाहिला. वाळूवर किती लोटे पाणी टाकलं की किती पारा उतरतो, हे त्यांनी भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं होतं. त्या रांजणात आमच्या पेशींनी पुढचे सगळे उन्हाळे काढले. सरांच्या लेखात त्याचा उल्लेख 'नियंत्रित तापमान' असा आहे.

विभागाला बाहेरून एक उत्तम सूक्ष्मदर्शक भेट मिळाला होता. त्यातून जिवंत पेशी न रंगवता, न मारता दिसत. त्याला हात लावायची परवानगी फक्त आम्हा शिकलेल्यांना. गजभियेंनी त्यावरची धूळ झटकायची. पण ते सगळ्यांच्या आधी येत. एकदा मी लवकर पोचले तर ते नळीला डोळा लावून बसले होते आणि बाटलीशी बोलत होते.

"काहून रुसली वं? कालचं पानी नाई आवडलं तुले?"

मला पाहून ते दचकून उठले. मी म्हटलं, "बसा, बसा. मलाही दाखवा."

त्या दिवसापासून मला पाहायला त्यांनी शिकवलं. सशाच्या कातडीच्या पेशी लांबट असतात. वाहत्या पाण्यात मासोळ्या एका दिशेने तोंड करून उभ्या राहाव्यात तशा दिसतात. त्या सावकाश वाढतात आणि काही महिन्यांनी थकतात. विभागात दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून आणलेल्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशीही होत्या. त्या चौकोनी, फरशीसारख्या एकमेकींना खेटून बसत, जागा संपली की एकमेकींच्या अंगावर चढत, आणि कधी थकत नसत. गजभिये त्यांना 'पाहुण्या' म्हणत. "या पाहुणीचा एक थेंब जरी दुसऱ्या बाटलीत गेला ना बाई, पंधरा दिवसांत घर तिच्या नावावर."

म्हणून त्यांचा एक नियम होता. दोन जातींच्या बाटल्या टेबलावर कधी एका वेळी घ्यायच्या नाहीत. सशाच्या दिवशी ससा, पाहुणीच्या दिवशी पाहुणी. प्रत्येकीची द्रव घालायची काचनळी वेगळी. आणि प्रत्येक जातीची एक बाटली राखीव ठेवायची, जिला त्यांच्याशिवाय कोणी उघडायचं नाही.

माझ्या शिष्यवृत्तीच्या शेवटच्या वर्षी मार्चमध्ये दिल्लीहून दोन पाहुणे आले. खरेखुरे पाहुणे, अनुदान देणारे. सरांना त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने काम करून दाखवायचं होतं. त्यांनी कपाटातून हातमोजे काढले, पंखा बंद केला, स्पिरिटचा दिवा लावला आणि दोन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या. आधी कर्करोगाच्या पेशींना द्रव दिला. मग तीच नळी सशाच्या बाटलीत घातली.

दारात उभे असलेले गजभिये म्हणाले, "सर, नळी बदला."

सरांनी मान वर केली नाही. "गजभिये, बाहेर उभा राहा."

"सर, थे नळी पाहुणीची..."

"बाहेर."

ते बाहेर गेले. मी आतच होते. मी काही पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही. मी नळीकडेच बघत होते.

तीन आठवड्यांनी सशाची बाटली भरभर वाढू लागली. थकायची वेळ झालेल्या पेशी दोन दिवसांत दुप्पट होऊ लागल्या. सर आनंदाने वेडे झाले. सामान्य पेशी आपोआप अमर झाली, आणि तीही नागपुरात! त्यांनी तिला आपल्या नावाची आद्याक्षरं दिली. परदेशात पत्रं गेली, सोबत पेशींचे नमुनेही. माझ्या प्रबंधाचा विषय बदलून हाच झाला. सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली. आमच्यापुढे डबा धरला. गजभियेंना एक वडी कागदावर ठेवून दिली. त्यांनी ती खिडकीत ठेवली, आपल्या जुन्या कपाशेजारी. संध्याकाळी तिला मुंग्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. "पाहा बाई. या आपल्या आहेत?"

मी पाहिलं. चौकोनी, खेटून बसलेल्या. एकीवर एक.

"रूप बदललं असेल," मी म्हटलं. "सर म्हणतात, अमर होताना बदलतं."

"बदलंल ना. पन बदलून नेमकं पाहुणीचंच तोंड येईल काय?"

मग त्यांनी रांजणातून राखीव बाटली आणून दाखवली. तिच्यात मासोळ्या होत्या, एका दिशेने, सावकाश. मार्चमधल्या त्या दिवसाच्या आधी एका बाटलीच्या दोन करताना बाजूला ठेवलेली ती बहीण होती. तिला सरांची नळी लागली नव्हती.

आम्ही दोघांनी गुणसूत्रं मोजायचं ठरवलं. सशाच्या पेशीत ती चव्वेचाळीस असतात. पेशी दुभंगायच्या ऐन वेळी औषध घालून तिला थांबवायचं, पातळ खारट पाण्यात फुगवायचं, आणि तो थेंब वरून गार काचपट्टीवर टाकायचा. थेंब आपटला की पेशी फुटते आणि गुणसूत्रं पसरतात. थेंब किती उंचीवरून टाकायचा हे पुस्तकात नव्हतं. गजभिये स्टुलावर चढून हात लांब करत आणि श्वास रोखत. मी टाकलेले थेंब वाया गेले, त्यांचे पसरले. त्यांनी दोन पट्ट्या रंगवल्या. एकीवर लिहिलं, 'राखीव. सशाचे. आपले.' दुसरीवर नुसतं प्रश्नचिन्ह.

पहिल्या पट्टीवर चव्वेचाळीस. दहा पेशी मोजल्या, दहांत चव्वेचाळीस. दुसरीवर कधी अडुसष्ट, कधी सत्तर, आणि आकाराने सशाचं वाटेल असं एकही गुणसूत्र नाही.

मी कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी तो वाचला. घडी घातली. "बिघडलेल्या पेशीत गुणसूत्रं वाढतात. पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. दुसरी पट्टी कुठून आली?"

"गजभियेंनी एक राखीव बाटली ठेवली आहे."

"कुणाला विचारून?" त्यांनी रुमालाने कपाळ टिपलं. "एकाच नावाच्या दोन वेगळ्या बाटल्या प्रयोगशाळेत असणं अशास्त्रीय आहे. ती नष्ट कर. आणि हे बघ, तुझा प्रबंध या पेशींवर आहे. विचार कर."

मी विचार केला. माझे वडील गेलेले, घरी आई आणि मी, शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष. हे सगळं खरं आहे, आणि ते लिहिताना मला लाज वाटते, कारण त्यातलं एकही कारण गजभियेंच्या घरी कमी नव्हतं.

मंगळवारी सकाळी गजभिये कत्तलखान्यात गेले होते. मी तळघरात उतरले.

ते अकराला आले. थर्मास ठेवला, रांजणाकडे गेले, परत आले. मग ऑटोक्लेव्हचं झाकण उघडून आत पाहिलं. बाटलीतला द्रव दुधासारखा पांढरा फटक झाला होता.

"कोनी सांगतलं?"

"सरांनी."

त्यांनी बाटली चिमट्याने बाहेर काढली आणि मोरीत ठेवली. "सरायनं सांगतलं. हात कोनाचे होते?"

ते बाटली धुवायला बसले. सात वेळा, मग तीन वेळा. उन्हात धरून पाहिली.

महिनाभरात त्यांची बदली झाली. शिस्तभंगाचं कारण. बदली कुठे, तर मागच्या इमारतीतल्या नमुन्यांच्या खोलीत, जिथे मेलेले साप, बेडूक, गर्भ बरण्यांत फॉर्मलिनमध्ये ठेवलेले असतात. पेशी जगवणाऱ्या माणसाला मेलेल्यांच्या बरण्या पुसायला बसवलं. सरांना तेवढी कल्पनाशक्ती होती. पेशींच्या खोलीत मग एक नवा परिचर आला. सरांचा भाचेजावई. त्याच्या हाताखाली सशाच्या पेशी पुन्हा कधी जगल्या नाहीत, पण पाहुण्यांना काहीच होत नव्हतं. त्या साबणातही जगत असाव्यात.

मी प्रबंध लिहिला. पदवी तोंडी परीक्षेवर अडकलेली असताना परदेशातून पत्र आलं. आम्ही पाठवलेल्या पेशी त्यांनी तपासल्या होत्या. पत्र नम्र होतं. पेशी सशाच्या नव्हत्या, माणसाच्या होत्या, आणि ज्या कर्करोगाच्या पेशी जगभर सगळ्यांकडे आहेत, त्याच होत्या. असं इतर ठिकाणीही झालं आहे, वाईट वाटून घेऊ नका, असंही लिहिलं होतं.

सरांनी उत्तराचा मसुदा केला. 'एका अप्रशिक्षित चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हा संकर झाला असून संबंधितावर कारवाई करण्यात आली आहे.' टंकलेखक रजेवर होता. ते पत्र मी टाइप केलं. 'निष्काळजीपणा' या अर्थाचा इंग्रजी शब्द चुकला होता, तो सरांनी मला दुरुस्त करायला लावला.

माझी तोंडी परीक्षा झाली. प्रबंधाचं शीर्षक थोडं बदललं, पेशी कुठल्या हे शीर्षकातून काढलं. परीक्षकांनी अभिनंदन केलं.

त्याच आठवड्यात गजभिये आले. बदलीनंतर ते एकदाही या इमारतीत आले नव्हते. पेशींच्या खोलीला अर्धं दार काचेचं होतं, त्याच्या बाहेर ते उभे राहिले. केस पांढरे झाले होते. मी म्हटलं, "आत या ना."

"नाई, नाई. कपड्यात फॉर्मलिन आहे माह्या. वाफेनं मरतील तुमच्या."

काचेतून आमचं बोलणं झालं.

"कागद आला म्हंते, बाहेरून?"

"आला."

"मंग? कोन निघाल्या?"

"पाहुण्या."

ते हसले. मनापासून, दात दाखवून. इतकं हसताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. "म्या म्हनलो नव्हतो? तोंड पाहूनच सांगतलं होतं!" मग हसू थांबलं. "गलती कोनाची लिवली?"

टंकयंत्र माझ्या शेजारीच होतं, त्यावर झाकण घातलेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या फळीवरच्या बाटल्यांकडे. तिथे भाचेजावयाने धुतलेल्या बाटल्या पालथ्या घातल्या होत्या. ते थोडे वाकले, डोळे बारीक केले.

"बाई, त्या तिसरीले घाम आला आहे," ते म्हणाले. "परत धुवाले सांगा त्याले."

आणि गेले. खिडकीतून मला त्यांची सायकल फाटकापर्यंत दिसली. फाटकापाशी ते उतरले, पट्टेवाल्याशी काही बोलले, परत चढले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. मागची इमारत इथून शंभर पावलांवर आहे आणि ते निवृत्त होईपर्यंत आणखी सहा वर्षं तिथे होते.

शोकसभेत मी बोलायला हवं होतं. 'पोटात घातली' हे शब्द आले तेव्हा मी उठले असते तर खोलीतल्या कोणालाही मला बसवता आलं नसतं. आता त्या विभागाची प्रमुख मीच आहे. मी उठले ती चहाचा कप घ्यायला.

सभेनंतर मी तळघरात गेले. रांजण तिथेच आहे, वाळू कोरडी. भिंतीवरचे कोळशाचे आकडे कोणी चुना मारून घालवले आहेत. माझ्या टेबलाच्या खणात एक काचपट्टी आहे. तिच्यावर 'राखीव. सशाचे. आपले.' असं लिहिलं आहे. काल मी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. रंग थोडा उडाला आहे. मोजली. चव्वेचाळीस आहेत.